त्या वस्तीतील भगिनी व आपला विहार

(रविवारच्या सामुदायिक वंदनेनंतर विहारात दिलेले व्याख्यान)





आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो विषय विहारात काढावा की नाही, यावरच गेल्या बैठकीत दीड तास गेला. प्रश्न वास्तविक लहान होता. बाजारामागील वस्तीत कोणता व्यवसाय चालतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेथील स्त्रियांची एक संघटना आहे. एका रविवारी दुपारी एच.आय.व्ही.च्या रक्ततपासणीचे व आरोग्यविषयक मार्गदर्शनाचे शिबिर भरविण्यासाठी विहाराची जागा मिळावी, असा अर्ज तिने दिला. अर्ज वाचला गेला तेव्हा दोघे-तिघे वडीलधारे उठून गेले. आपण नुकतेच बौद्ध झालो आहोत, गावाची नजर आपल्यावर आहे, अशा वेळी हे लोढणे गळ्यात का बांधून घ्यावे, असे काहींनी विचारले. एका भगिनीने तिसऱ्या शिलाची आठवण करून दिली. वकील या नात्याने मी या विषयात थोडेफार काम केले आहे; म्हणून निर्णयापूर्वी मी सर्वांपुढे बोलावे, असे ठरले.

माझे मत अर्जाच्या बाजूचे आहे, हे मी आरंभीच सांगून टाकते. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी माझ्या युक्तिवादातील चूक दाखवावी. उठून मात्र जाऊ नये.

प्रथम रोगाविषयी. एच.आय.व्ही. हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस अखेर एड्सच्या अवस्थेस पोहोचतो. तो लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि मातेकडून बालकास होतो. शेजारी बसल्याने, एका पंगतीत जेवल्याने, एका नळाचे पाणी प्याल्याने अथवा डास चावल्याने तो होत नाही. तेव्हा शिबिरानंतर विहाराच्या सतरंज्या धुवाव्या लागतील काय, ही जी शंका बैठकीत निघाली तिचे उत्तर नाही असे आहे. सतरंज्यांना माणसांचा विटाळ लागतो हे ऐकण्याची सवय आपल्या आजोबा-पणजोबांना होती. ती शंका आपल्याच तोंडून निघावी याचे मला वाईट वाटले.

या रोगावर आज औषध आहे. तो समूळ जात नसला तरी रोज गोळी घेणारा मनुष्य आपले आयुष्य चांगल्या रीतीने जगतो, आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्यास होत नाही. ही औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. तथापि औषध ही पुढची गोष्ट झाली. रोग मुळात पसरू नये यासाठी जे काही या देशात यशस्वी झाले, ते कोणी केले व कसे केले, हे मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

१९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, आणि भारतात हा विषाणू असल्याचा पहिला पुरावा त्यांत मिळाला. त्या स्त्रियांना तो कोणा पुरुषाकडून झाला होता हे उघड आहे. परंतु शोध त्यांच्या रक्तात लागला म्हणून उगमही त्याच, असा समज देशभर पसरला. कायद्याने पहिल्याने जे साधन उचलले ते कुलपाचे होते. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास, तो बाधित आहे एवढ्याच कारणावरून, एका ओस पडलेल्या क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस डांबून ठेवण्यात आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अलग ठेवण्याचा तो कायदा न्यायालयाने वैध ठरविला. या कुलपाचा परिणाम एकच झाला. ज्याला संशय आला तो तपासणीस येईनासा झाला.

आता दुसरी वाट पाहू. कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तीत १९९२ साली अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना पाहणीसाठी गेले. त्या वेळी ग्राहकाशी निरोध वापरणाऱ्या स्त्रिया शेकडा तीनदेखील नव्हत्या. कोणी म्हणेल, अज्ञान. अज्ञान होतेच, परंतु तेवढेच असते तर भिंतीवर चित्रे लावून काम भागले असते. मोठी अडचण वेगळी होती. ग्राहक निरोधास नकार देतो. एका बाईने त्याला परत पाठविले तर तो शेजारच्या खोलीत जातो. तेथील बाईच्या डोक्यावर सावकाराचे देणे असते, घरवालीचा तगादा असतो, ती नाही म्हणू शकत नाही. म्हणजे जिने स्वतःचा जीव वाचविला तिची रात्र उपाशी गेली आणि रोग आपल्या जागी कायम राहिला. एकटीचा नकार व्यर्थ जातो. सगळ्या गल्लीने एकच उत्तर दिले तरच ग्राहक नमतो, कारण मग त्याला जाण्यास दुसरे दार उरत नाही.

ज्यांनी गिरणीतील संप पाहिले आहेत, त्यांना हे तत्त्व निराळे समजावून सांगावयास नको.

सगळ्या गल्लीला एका उत्तरावर आणण्याचे काम बाहेरचा डॉक्टर करू शकत नाही, पोलीस तर नाहीच नाही. म्हणून त्या प्रकल्पाने वस्तीतल्याच स्त्रिया निवडून त्यांना शिकविले. कार्यक्रमाच्या भाषेत त्यांना 'पिअर' म्हणतात. हिरवा कोट घालून त्या दारोदार जाऊ लागल्या. कोणती बाई कधी झोपते, कोणाचा मालक कडक आहे, नवी मुलगी कोणाकडे आली आहे, कोणाला अंगावरचा आजार असूनही ती दवाखान्यात जाण्यास लाजते, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. त्यांनी घरवाल्यांची समजूत घातली, ग्राहकांशी बोलल्या, दवाखाना वस्तीत आणला. १९९८ सालापर्यंत निरोधाचा वापर शेकडा ८० च्या आसपास पोहोचला. मुंबईच्या वस्त्यांत नव्वदीच्या दशकात निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित आढळत असता सोनागाछीत ते प्रमाण शेकडा दहाच्या आसपास वा त्याखाली राहिले. वकिलाच्या सवयीप्रमाणे मी येथे एक पुस्ती जोडते. दोन शहरांच्या फरकास अन्य कारणेही असू शकतील. परंतु निरोधाचा वापर वाढला तो या स्त्रियांनी वाढविला, याविषयी मला शंका नाही.

१९९५ साली त्यांनी 'दुर्बार महिला समन्वय समिती' स्थापन केली आणि त्याच साली 'उषा' ही पतसंस्था उभी केली. पतसंस्थेचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. जिच्यावर जबर व्याजाचे कर्ज आहे ती ग्राहकाला नाही म्हणू शकत नाही. व्याज उतरले की नकार देण्याचे बळ येते. या पतसंस्थेच्या नोंदणीची हकीकत तर प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. सभासद सच्छील असला पाहिजे, अशी अट तेथील सहकार कायद्यात होती. आपण 'गृहिणी' म्हणून नोंद करा म्हणजे प्रश्न मिटेल, असा तोडगा त्यांना सुचविण्यात आला. त्यांनी तो नाकारला. आम्ही जे आहोत तेच लिहू, असा त्यांचा आग्रह होता. अखेर सरकारनेच अट शिथिल केली. आपल्यापैकी जे शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर 'बौद्ध' हा शब्द लिहिताना अडखळले आहेत आणि तरीही ज्यांनी तो लिहिला आहे, त्यांना या आग्रहाची किंमत कळेल.

हे सारे दूर बंगालमध्ये घडले असे नव्हे. आपल्या सांगलीत, गोकुळनगरच्या वस्तीत, १९९२ सालीच मीना शेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेने असेच काम सुरू केले, आणि १९९६ साली तेथील स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. नावातला पहिला शब्द त्यांनी मुद्दाम ठेविला आहे. शिवी म्हणून जो फेकला जात होता तो त्यांनी पाटीवर लिहिला. निरोध वाटणे, आजारी बाईला सरकारी इस्पितळात सोबत नेऊन तिच्यावर उपचार होईपर्यंत तेथून न हलणे, आपसातले तंटे मोहल्ला समितीत बसून मिटविणे, ही कामे त्या स्वतः करीत आल्या आहेत. अमेरिकेच्या २००३ सालच्या एका कायद्याने, एड्सनिवारणासाठी पैसा घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायास आपला विरोध आहे असे लिहून द्यावे, अशी अट घातली. 'संग्राम'ने तसे लिहून देण्यापेक्षा २००५ साली तो पैसा सोडून दिला. ज्यांच्या विश्वासावर काम उभे आहे, त्यांच्याविरुद्ध शपथ घेऊन ते काम पुढे चालणार नव्हते.

पुढे सरकारी कार्यक्रमानेही हीच पद्धत उचलली. देशभरच्या सरकारी पाहणीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांतील बाधितांचे प्रमाण २००३ साली शेकडा दहाच्या घरात होते. २०१०-११ साली ते तिनाच्या खाली आले आणि २०१७ साली १.५६ होते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी बोलले पाहिजे. सनद घेतल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षी, एका तालुक्याच्या न्यायालयात, धाडीत पकडलेल्या एका बाईचे वकीलपत्र माझ्याकडे आले. पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून रोख रक्कम, एक चादर आणि निरोधची चाळीसएक पाकिटे अशी नोंद होती. मी जामिनाचा अर्ज केला, जामीन मिळाला, मला समाधान वाटले. बाहेर आल्यावर ती बाई म्हणाली, "वकीलबाई, ती पाकिटे सरकारी दवाखान्यानेच मला वाटायला दिली होती. सरकारच देते आणि सरकारच पुरावा म्हणून धरते. आता कोण घरात ठेवील?" ती वस्तीतली पिअर होती. मला तो मुद्दा सुचला नव्हता. पाकिटे पाहून मीही तोच अर्थ लावला होता, जो हवालदाराने लावला. त्या धाडीनंतर निम्म्या बायका गाव सोडून गेल्या, कोठे गेल्या ते तिलाही कळले नाही, आणि ज्यांच्याशी बोलण्यास तिला दोन वर्षे लागली होती त्या पुन्हा अंधारात गेल्या.

आज तो मुद्दा कायद्यात आला आहे. एच.आय.व्ही. व एड्सविषयक २०१७ सालचा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम २२ प्रमाणे, हा रोग पसरण्याचा धोका कमी करण्यासाठी योजलेला उपाय गुन्हा ठरत नाही. कलमाखाली दिलेल्या उदाहरणांत, देहविक्रय करणाऱ्या स्त्रीस निरोध देणारा, तो घेणारी ती आणि तिचा ग्राहक, यांपैकी कोणीही दोषी नाही, असे स्पष्ट केले आहे. याच कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास, निकाल चारचौघांत फोडण्यास, आणि बाधित व्यक्तीस नोकरीतून, शाळेतून वा राहत्या घरातून काढण्यास मनाई केली आहे. पुढे बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे निर्देश दिले, त्यांतही निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये असे सांगितले आहे. त्या प्रकरणाचा आरंभ कलकत्त्यात १९९९ साली झालेल्या एका वेश्येच्या खुनातून झाला. आरोपीचे अपील २०११ साली फेटाळताना, घटनेच्या २१ व्या कलमातील सन्मानाने जगण्याचा हक्क तिलाही होता, असे न्यायालयाने म्हटले, आणि तेथून हा प्रश्न पुढे चालविला.

मूळ कायदा मात्र जुनाच आहे. अनैतिक व्यापाराविषयीचा हा अधिनियम १९५६ सालचा, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षीचा. प्रौढ स्त्रीने स्वतः देहविक्रय करणे हाच गुन्हा, असे तो म्हणत नाही. कुंटणखाना चालविणे, मुलींना फसवून आणणे, डांबून ठेवणे, रस्त्यावर ग्राहकास बोलावणे, हे गुन्हे आहेत. परंतु चौथ्या कलमाने, तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरील कोणीही गुन्हेगार ठरतो. तिची म्हातारी आई, कॉलेजात शिकणारा मुलगा, हेही त्या जाळ्यात येऊ शकतात. सातव्या कलमात, सार्वजनिक पूजास्थानापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करण्यास मनाई आहे. विहाराने शिबिर भरविल्यास ते कलम लागेल, अशी भीती आपल्या एका सभासदाने व्यक्त केली. ते कलम व्यवसायास लागते. रक्त तपासण्यास लागत नाही.

फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलींचे काय, हा प्रश्न योग्य आहे. त्यांची सुटका झालीच पाहिजे, यात दोन मते नाहीत. सोनागाछीच्या स्त्रियांनी यासाठी स्वतःची मंडळे नेमली. नवी मुलगी आली की तिचे वय व तिची इच्छा त्या पारखतात. कुलूपबंद खोलीत कोणाला ठेविले आहे, हे बाहेरून धाड घालणाऱ्यापेक्षा गल्लीत राहणारीला आधी कळते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते. त्या वस्तीत कोण आहेत, हे आपण कधी विचारले आहे काय? सांगली, निपाणी, सौंदत्ती या पट्ट्यातून ज्या मुली यल्लम्माच्या नावाने सोडल्या गेल्या, त्या बहुतांशी आपल्याच व आपल्यासारख्या जातींच्या होत्या. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'सोमवंशीय मित्र' पत्रातून मुरळी सोडण्याच्या रूढीविरुद्ध लिहिले, ते काही परक्यांसाठी नव्हे. माझ्या आईची मावशी जोगतीण होती. तिने पाठविलेल्या पैशावर माझ्या आजोळचे छप्पर शाकारले गेले. ती कशाने गेली हे मला कोणी सांगितले नाही, आणि आमच्या घरी तिचा फोटो नाही. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी असा एक फोटो नसेल.

बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील आपल्या समाजाच्या स्त्रियांपुढे भाषण केले, आणि तो व्यवसाय सोडून इतर स्त्रियांप्रमाणे संसार करा असे निक्षून सांगितले. ही गोष्ट मी लपवीत नाही. बैठकीत ती माझ्याविरुद्ध मांडली गेली. परंतु एक लक्षात घ्या. बाबासाहेब त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर उभे राहून बोलले. त्यांच्याविषयी पाठीमागे बोलले नाहीत, सभागृहाचे दारही त्यांना बंद केले नाही. ज्या स्त्रीस तो व्यवसाय सोडावयाचा आहे तिला आपण मदत करू. आजवर आपण एकीलाही केलेली नाही, हेही नोंदवून ठेवू. आणि जी आज सोडू शकत नाही, तिने सोडण्याच्या दिवसापर्यंत जिवंत राहिले पाहिजे की नाही?

तिसऱ्या शिलाविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकत नाही, भन्तेजी सांगतील. माझी समजूत इतकीच, की शील मी घेते ते माझ्यासाठी. शेजारणीच्या पाठीवर मारण्याची ती काठी नव्हे. शिवाय ते शील त्या वस्तीत जाणाऱ्या पुरुषांनाही आहे. त्यांची नावे बैठकीत कोणी काढली नाहीत. वैशालीच्या आम्रपालीची कथा आपण मुलांना सांगतो, तेव्हा ती पुढे भिक्षुणी झाली यावर भर देतो. परंतु भगवंतांनी तिच्या घरचे भोजन स्वीकारले, तेव्हा ती गणिकाच होती. लिच्छवी कुमारांनी नंतर बोलावले, तर भगवंतांनी तिला दिलेला शब्द मोडला नाही.

एक शेवटचे उदाहरण देते, कारण हा रोग वस्तीत राहत नाही, घरी येतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात, नवरा वारल्यावर सासरच्यांनी सुनेला 'तूच आणलास' म्हणून घराबाहेर काढले. चौकशीत असे दिसले, की नवरा चार वर्षांपूर्वीच बाधित होता व त्याने ते कोणास सांगितले नव्हते. ती मुलगी आमच्या गाडीने न्यायालयात येई व कोपऱ्यात उभी राही. बाकावर बसत नसे. तिला घरात राहण्याचा हक्क मिळाला. वेळेवर तपासणी झाली असती तर कदाचित तिला रोगच झाला नसता.

बैठक येत्या शुक्रवारी सायंकाळी सात वाजता आहे. मंजुरी मिळाल्यास शिबिर दुपारी एक ते चार या वेळात होईल; त्यानंतर त्या स्त्रियांना वेळ नसतो. सरकारी दवाखान्याचे समुपदेशक येतील. त्यांना एकेकाशी एकांतात बोलावे लागते, म्हणून मागची खोली रिकामी करून दारास पडदा लावावा लागेल. तपासणी आपणा सर्वांसही खुली राहील. मी स्वतः करून घेणार आहे. नावांची वही दारात ठेवली जाणार नाही, कारण कोण आले होते हे दुसऱ्यास कळू देणे कायद्यास मान्य नाही. विजेचे बिल त्या भगिनी स्वतः देणार आहेत. वीस खुर्च्या लागतील. विहाराच्या बारा आहेत. उरलेल्या आठ कोणाकडून मिळतील, ते चिटणीसांना आज जाण्यापूर्वी सांगावे.